कांद्याच्या चाळीसारखं झाकण

प्रिय अनया आणि ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने फोन फिरवून मला त्याची माशांची नवी पेटी दाखवली. पेटी छान आहे, मासेही छान आहेत, पण तिच्यावरचं ते काळं प्लॅस्टिकचं झाकण मला आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही टाकलं. मग ईशान म्हणाला, "आजी, मी लाकडाचं झाकण करणार आहे. तुला काही माहिती आहे का त्यातलं?" तुमची आई मागून हसली. आजीला लाकडातलं काय कळणार, असं तिला वाटलं असावं. मी तेव्हा नुसतं "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. मला माहिती आहे, ईशान. आमच्या घरी असं झाकण झालं होतं. त्याची गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नाही, कारण ती सांगायची तर मला किती हेवा वाटला होता तेही सांगावं लागलं असतं. आता सांगायला हरकत नाही. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं आणि तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं मराठीत भांडली आणि मराठीत हसली. आईकडून वाचून घ्या.

आम्ही नाशिक रोडला सरकारी कॉलनीत राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सरकारी छापखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. यंत्रांची दुरुस्ती हे त्यांचं काम आणि घरी आल्यावरही त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे मोरी आणि तुळस. सकाळी भोंगा झाला की सगळ्या कॉलनीत स्टोव्हचे आवाज एकदम सुरू होत, आणि त्यानंतर सायकलींच्या घंट्या. आमच्या घरात आणखी एक आवाज असे, तो दिवसरात्र चाले. पुढच्या खोलीत खिडकीखाली लोखंडी स्टँडवर माशांची पेटी होती आणि तिच्यात हवा सोडणारा छोटा पंप भुंग्यासारखा गुणगुणत असे. पाहुणे आले की विचारत, "काय वाजतंय हो?" आम्हाला तो आवाज बंद पडला तरच ऐकू येई. तेव्हा काचा नुसत्या चिकटवत नसत. लोखंडी पट्ट्यांची चौकट करून तिच्यात लांबी, म्हणजे काचा बसवायचा लगदा, भरून काचा बसवत. ती चौकट अण्णांनी स्वतः जोडली होती.

त्या पेटीची दुसरी मालकीण मी होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाई आणि उरलेला वेळ झोपे. आईला मासे आवडत, पण कढईतले. म्हणून अण्णांच्या हाताशी लहानपणापासून मीच होते. वालदेवी नदीच्या काठच्या चिखलातून माशांसाठी लाल किडे गाळून आणायचे, ते धुवायचे, रबरी नळी तोंडाने ओढून पेटीतलं घाण पाणी बादलीत उतरवायचं, ही सगळी माझी कामं. नळी ओढताना अर्धा घोट हमखास तोंडात जाई आणि अण्णा हसत. चुकलं की मात्र ओरडत. त्यांचं ओरडण्याचं वाक्य ठरलेलं होतं, "नले, डोकं काय फडताळात ठेवून आलीस?" माझं नाव नलिनी, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. अण्णांनी मला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत घातलं, मी मॅट्रिकला चांगले मार्क मिळवले, तेव्हा त्यांनी मला बक्षीस म्हणून मुंबईहून एक मासा आणून दिला. शेंदरी रंगाचा, शेपटीला खाली तलवारीसारखं टोक असलेला. घड्याळ नाही, पेन नाही, मासा. मैत्रिणी हसल्या. मला त्याचा इतका अभिमान होता की मी त्याला कोणाला हातही लावू देत नसे, जसा काही माशाला कोणी हात लावणारच होतं.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी विंचूरकडची. माहेरी शेती, कांद्याचं मोठं पीक. तिचं माहेरचं नाव हिरा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत होती, तसं दादाने लिहिलं, सुनंदा. वहिनी त्या नावाला लवकर ओ देत नसे. आई हाक मारी, ती भाकरी थापत राही, मग एकदम दचकून "जी!" म्हणे. अण्णा तिला नावाने हाक मारतच नसत. ते "सूनबाई" म्हणत आणि ते म्हणतानाही त्यांचा आवाज खाली येई, बाहेरच्या माणसाशी बोलतात तसा. ती जेवायला कांदा चिरत नसे. पाटावर कांदा ठेवून त्यावर एक बुक्की मारी, की तो फुलासारखा उघडे, आणि त्यावर मीठ भुरभुरून अण्णांच्या ताटात ठेवी. आईला ते गावंढळ वाटे. अण्णा स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, नोकरीसाठी शहरात आलेले. पहिल्यांदा तो फोडलेला कांदा त्यांच्या ताटात आला. त्यांनी तो सगळा खाल्ला आणि म्हणाले, "किती वर्षांनी." मी रोज त्यांना काकडी गोल गोल चिरून, ताटाच्या कडेने रांगेत लावून वाढत असे. त्या दिवशी काकडी तशीच राहिली. हेव्याची सुरुवात शोधायची झाली तर मला ती त्या ताटात सापडते.

त्या दिवसांत पेटीवर झाकण म्हणून पत्रा होता. त्याला मधोमध भोक पाडून बल्ब लोंबकळत ठेवलेला. वाफेने पत्रा गंजला होता, गंज पाण्यात पडायचा, आणि शेजारच्यांची मांजर पत्र्यावर येऊन बसायची कारण तो उबदार असे. अण्णांनी ठरवलं की आता नीट लाकडी झाकण करायचं, बल्ब आत लपेल असं, पुढून बिजागरीवर उघडणारं. वर्कशॉपमध्ये यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या देवदारी फळ्या लिलावात निघत, त्या त्यांनी घेतल्या. व्हरांड्यात फळ्या उभ्या राहिल्या आणि घराला डिंकासारखा वास येऊ लागला. मी खूश होते. मी मापं घेतली, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने पुढची बाजू, वरची बाजू, कापलेली बाजू अशी तीन चित्रं काढली, आणि प्रत्येक फळीला इंग्रजी अक्षर दिलं. अण्णांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "वा," ते म्हणाले, "ड्रॉइंग ऑफिसात नोकरी मिळेल तुला." पुढचे दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

रविवारी करवत चालू झाली. मी फळी धरली होती. वहिनी निवडायचे तांदूळ सुपात घेऊन दारात बसली होती, आणि ती सुपाकडे बघतच म्हणाली, "मामंजी, हे मागून समदं बंद करणार का?"

"हो. का सूनबाई?"

"नाय, मला काय त्यातलं कळत नाय. पण आत बल्ब, खाली पाणी. वाफ जाईल कुठं? आमच्या चाळीला मागूनपुढून पट्ट्या असत्यात, मधी फटी. वारं खेळलं पायजे. नायतर कांदा आतल्या आत सडतो. लाकूडबी सडंल."

तुमच्यासाठी सांगते, ही चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट खोली. तिला भिंती नसतात, नुसत्या पट्ट्या असतात. आमच्याकडच्या रस्त्यांवरून जाताना अजूनही दिसतात.

मी म्हणाले, "वहिनी, हे कांदे नाहीत, मासे आहेत. शिवाय ड्रॉइंग झालंय."

"झालंय तर झालंय," वहिनी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. पण अण्णांनी करवत खाली ठेवली होती. "चाळीच्या पट्ट्या कशा ठोकतात गं? सरळ का तिरप्या?" त्यांनी विचारलं. वहिनीने सूप बाजूला सारलं, पदर खोचला, आणि जमिनीवर तांदळाच्या दाण्यांनीच पट्ट्या मांडून दाखवल्या. तिरप्या, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. चाळ उभारताना ती माहेरी भावांच्या बरोबरीने खिळे ठोकत असे, हे आम्हाला तेव्हा कळलं. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. माझ्या हातात फळी तशीच होती. थोड्या वेळाने मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि कोणाला कळलंही नाही.

नंतरचे सगळे रविवार तसे गेले. अण्णा रंधा मारायचे, वहिनी खिळे धरायची, तोंडात दोन खिळे आणि हातात हातोडी. सासऱ्यासमोर सुनेने असं बसणं आईला पटत नव्हतं, पण अण्णा इतके खुशीत असत की तीही बोलेना. मला काय काम होतं? चहा. "नलू, चहा टाक गं," आणि मी स्टोव्हला पिना मारत आतून ऐकायची. रंध्याचा लांब सूर, मग हातोडीचे ठोके, मग दोघांचं बोलणं. अण्णा तिला त्यांच्या लहानपणीच्या मोटेबद्दल आणि बैलांबद्दल सांगत होते. मला त्यांनी बैलांची नावं कधी सांगितली नव्हती. मी विचारली नव्हती, हे खरं आहे, पण तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की माझ्याशी ते अभ्यासाचं बोलतात आणि हिच्याशी बैलांचं. चहा मी मुद्दाम फिका केला. दोघांनीही तो "छान झालाय" म्हणून प्याला.

झाकण सुंदर झालं, हे मला नाइलाजाने लिहावं लागतं आहे. आतून पांढरा तेलरंग, म्हणजे बल्बचा उजेड खाली फेकला जाई. बाहेरून जवसाचं तेल चोळून चोळून मधासारखा रंग आणलेला. मागे तिरप्या पट्ट्या, मधे फटी, हुबेहूब चाळीची प्रतिकृती. संध्याकाळी बल्ब लावला की भिंतीवर उजेडाच्या तिरप्या रेघा पडत. शेजारपाजारचे बघायला आले. अण्णा प्रत्येकाला सांगत, "आयडिया सूनबाईची," आणि वहिनी आत पळे. माझं ड्रॉइंग कोणाला दाखवलं गेलं नाही. मापं मात्र सगळी त्यातलीच होती.

आणि एके दिवशी सकाळी केर काढताना आईने स्टँडच्या मागून केरसुणीने काहीतरी ओढलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय वाळलेलं?"

तो माझा शेंदरी मासा होता. शेपटीचं तलवारीसारखं टोक तेवढं ओळखू येत होतं. त्या जातीचे मासे उडी मारतात. आजवर पत्र्याच्या झाकणामुळे तो आतच पडत आला होता. आता मागच्या फटीतून तो सरळ बाहेर गेला होता. फट वहिनीने चाळीच्या अंदाजाने ठेवली होती. कांदा पडणार नाही एवढी.

मी रडले नाही. मी वाट बघत उभी राहिले. अण्णा आता ओरडणार, हे मला ठाऊक होतं. पाण्यात औषध दोन थेंब जास्त पडलं म्हणून त्यांनी मला आठवडाभर धारेवर धरलं होतं, आणि इथे तर मासा गेला होता, माझ्या मॅट्रिकचा मासा. वहिनी दारात उभी होती, तोंडावर पदर, चेहरा पांढरा पडलेला. अण्णांनी मासा तळहातावर घेतला, पट्ट्यांकडे पाहिलं, फटीत बोट घातलं, आणि त्यांना हसू फुटलं. "सूनबाई," ते म्हणाले, "कांदा उडी मारत नाही गं!" आणि पुन्हा हसले. वहिनी रडत होती, तिलाही रडता रडता हसू आलं. आईसुद्धा हसली.

"माझा मासा मेलाय," मी म्हणाले.

"आणू दुसरा," अण्णा म्हणाले.

"मी अशी फट ठेवली असती तर? मला हसला असतात?"

अण्णा पुन्हा फटीत बोट घालून बघू लागले. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. आई मागून आली, नळ बंद केला, म्हणाली, "पाणी वाया घालवू नकोस. तिला कशी बोलतील ते? अजून परकी आहे ती. एक शब्द लागला तर माहेरी काय सांगेल? तुझं निराळं. तुला चार शिव्या घातल्या तरी तू जाणार कुठे आहेस?"

मला आईचं बोलणं मुळीच पटलं नाही. मला वाटलं, परकी आहे म्हणून लाड होत असतील तर मलाही परकी करा.

अण्णांनी फटींच्या आतून डासांची बारीक जाळी ठोकली आणि पुन्हा कोणी मासा बाहेर गेला नाही. माझ्यासाठी त्यांनी खरंच दुसरा शेंदरी मासा आणला. मी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझी सुपारी फुटली, म्हणजे लग्न ठरलं. तुमचे आजोबा सातपूरला राहत, नाशिक रोडहून एका बसच्या अंतरावर. तरी घरातलं काहीतरी बदललं आणि ते काय हे मला बरेच दिवस कळलं नाही. एका सकाळी मी पेटीचं पाणी बदलायला नळी घेतली, तोंडाला लावणार तेवढ्यात अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे, नलिनी," ते म्हणाले, "पाणी जाईल तोंडात." मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पाणी मी दहा वर्षं पीत आले होते. आणि नलिनी? तेव्हापासून ते मला तसंच हाक मारू लागले. जेवताना विचारत, "नलिनी, भाजी आवडली ना?" मी आत असले की खोलीत येताना खाकरत.

मग बल्ब फुटला. वहिनीने माशांना खाणं घालायला झाकण उघडलं आणि दुधाचा वास आला म्हणून ते अर्धवट टेकवून आत धावली. झाकण घसरलं, तापलेला बल्ब पाण्याला लागला, आणि फटाक्यासारखा आवाज झाला. काचा पाण्यात, मासे कोपऱ्यात, घरात फ्यूज गेलेला. अण्णा दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन बाहेर आले.

"सुनंदे!" सगळ्या कॉलनीने ऐकलं असेल. "डोकं काय फडताळात ठेवून आलीस?"

मी तिथेच होते. माझं वाक्य होतं ते. अण्णा आणखीही बरंच बोलले, शॉक लागला असता म्हणाले, कितीदा सांगितलं म्हणाले. वहिनी मान खाली घालून ऐकत होती आणि मग स्वयंपाकघरात गेली. समजूत काढावी म्हणून मी मागे गेले. खरं सांगायचं तर, रडताना बघावं म्हणूनही गेले असेन. ती ओट्याला टेकून उभी होती. डोळे ओले होते, पण ओठ हसत होते. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, मामंजी मला ओरडले."

आईचं बोलणं मला तेव्हा कळलं. मासा मेला त्या दिवशी जे वाटलं ते काहीच नव्हतं. वहिनीला आता नावाने हाक मारली जात होती, तेही रागाने, आणि मला भाजी आवडली का असं विचारलं जात होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. अण्णा घरात असताना मी पेटीवरचं झाकण मुद्दाम उलटं बसवलं, पट्ट्या पुढे आणि बिजागरी भिंतीकडे. लहान मूलही करणार नाही अशी चूक. बसवलं आणि पुस्तक उघडून शेजारीच बसले. अण्णा आले. पेटीसमोर थांबले. मी पुस्तकातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांनी झाकण दोन्ही हातांनी उचललं, फिरवून नीट बसवलं, वरची धूळ पंचाने पुसली आणि म्हणाले, "असू दे, नलिनी. होतं असं."

एवढंच. मग ते व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांचीही काही अवस्था झाली असेल, हे मला आज तुमची आई विमानतळावर निघताना मी तिला "पाणी घेतलंस ना?" असं मऊ आवाजात विचारते तेव्हा समजतं. त्या दिवशी नाही समजलं. त्या दिवशी मी आत गेले आणि वहिनीने ओट्यावर फोडून ठेवलेला कांदा नुसताच खाल्ला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

ईशान, झाकण करशील तेव्हा मागे फटी ठेव आणि आतून जाळी लावायला विसरू नकोस.

अण्णा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडताना टेम्पोत पेटीची काच तडकली. नवीन पेटी कोणी घेतली नाही. अण्णा जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ते वहिनीवर पाणी गरम दिलं, थंड दिलं म्हणून दिवसभर ओरडत, आणि मी सातपूरहून भेटायला गेले की उठून बसायचा प्रयत्न करत. त्या ओरडण्याचा मला अजूनही हेवा वाटतो. वयाने तो गेला नाही.

वहिनी अजून नाशिक रोडलाच आहे, मुलाच्या फ्लॅटमध्ये. गेल्या महिन्यात गेले होते. भाजीला कांदे काढायला मी ओट्याखाली वाकले तर म्हणाली, "तुम्ही बसा वन्सं, मी काढते." झाकण तिथेच आहे, ओट्याखाली, उलटं करून ठेवलेलं. बिजागऱ्या गेल्या आहेत. आतला पांढरा रंग पिवळा पडला आहे. पट्ट्या सगळ्या शाबूत आहेत, जाळीही. ती त्यात कांदे ठेवते. सडत नाहीत.